त्या वेळची पट्टी

रात्रीचे साडेअकरा. दुधाला विरजण लावून तुम्ही ओट्यापासून वळता आणि छातीत एक ठोका चुकतो. पुढच्याच क्षणी काळीज पळत सुटतं. हळूहळू वाढत नाही, एकदम. दिव्याचं बटण दाबावं तसं. गळ्यापाशी शीर उडतेय, तळहातांना घाम सुटलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. मनगट धरून ठोके मोजायला जाता, पण ते एकमेकांच्या अंगावर पडत असतात, मोजदाद जमत नाही. घरातलं कुणीतरी धावत जाऊन रिक्षा आणतं. आणि हॉस्पिटलच्या पायरीवर पाऊल ठेवताना, जसं सुरू झालं तसंच, एकदम सगळं थांबतं.

कॅज्युअल्टीत सिस्टर छातीवर गार जेली लावतात, रबरी फुगे चिकटवतात, हातापायांना चिमटे लावतात. "हलू नका, श्वास नेहमीसारखा घ्या." गुलाबी चौकटींचा कागद सरसरत बाहेर येतो. डॉक्टर तो दिव्याकडे धरून पाहतात. नॉर्मल आहे. गॅसेस झाले असतील. जागरण करू नका, टेन्शन घेऊ नका.

त्या कागदाची घडी करून खिशात ठेवा. तो लागणार आहे. माझ्या आत्याच्या कपाटात अशा नॉर्मल कागदांनी भरलेली एक पिशवी होती, अकरा वर्षांची. ती पिशवी मी विसरू शकत नाही, म्हणून आज तुम्हाला लांबच्या प्रवासाला नेतोय. तक्रार तुमचीच, शरीर तुमचंच. फक्त साल बदलेल. टेबलावर पुन्हा आडवे व्हा. डोळे मिटा.

उघडता तेव्हा १७८५ साल आहे, गाव इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. समोर विल्यम विदरिंग, डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार. गळ्यात स्टेथोस्कोप नाही. तो पॅरिसमध्ये जन्माला यायला अजून ३१ वर्षं आहेत. बोटं, डोळे आणि घड्याळ एवढीच हत्यारं. टेबलावर त्यांचं याच वर्षी छापलेलं पुस्तक आहे: फॉक्सग्लव्ह या जांभळ्या घंटाफुलांच्या झाडाचा त्यांनी स्वतः केलेला वापर, १६३ रुग्णांचा हिशेब. ज्यांना गुण आला तेही त्यात आहेत आणि ज्यांना आला नाही तेही, आणि या प्रामाणिकपणासाठी मला हा माणूस फार मोठा वाटतो. हे औषध मुळात त्यांना सापडलेलंच नव्हतं. श्रॉपशर परगण्यातल्या एका म्हातारीकडे अंगावरच्या सुजेसाठी घरगुती काढा होता, त्यात वीसेक झाडपाले. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी तो त्यांना दाखवला. त्यातलं काम करणारं पान कुठलं, हे त्यांनी ओळखलं. त्याच झाडाच्या जातकुळीतलं डिजॉक्सिन आजही आपल्या मेडिकलच्या दुकानात मिळतं.

विदरिंग तुमचं मनगट हातात घेतात. नाडी शांत आहे. तुम्ही सांगता, तासाभरापूर्वी बघायला हवं होतं. पण तासाभरापूर्वीची नाडी कुणाच्या हाती लागणार?

ती पकडणारं यंत्र बघायला १९०५ सालात चला, हॉलंडमधल्या लायडन गावी. इथे आपण जरा जास्त वेळ थांबू.

तुम्ही हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसलेले आहात. दोन्ही हात मिठाच्या पाण्याच्या दोन भांड्यांत, डावा पाय तिसऱ्यात. पाणी गार आहे, बाही वर सरकवलेली आहे, आणि आपण इथे नक्की काय करतोय असं वाटतंय. यंत्र या खोलीत नाही. ते दीड किलोमीटरवर, विलेम आइन्थोवेन यांच्या प्रयोगशाळेत आहे. वजन सुमारे २७० किलो, पसारा दोन खोल्यांचा, चालवायला पाच माणसं. असलं धूड रुग्णापर्यंत येणार नाही आणि खाटेवरचा रुग्ण तिथे जाणार नाही. म्हणून मधे टेलिफोनची तार टाकली. २२ मार्च १९०५ ला या तारेवरून पहिली नोंद झाली, ती एका धडधाकट माणसाची. तो प्रयोगशाळेतून हॉस्पिटलात सायकल मारत आला होता; त्याच्या आलेखातले उंच सुळके त्या सायकलीमुळेच आले, असं तेव्हा मानलं गेलं.

आता तारेच्या दुसऱ्या टोकाला या. एका प्रचंड विद्युतचुंबकाच्या दोन टोकांच्या फटीत एक तंतू ताणलेला आहे. नुसत्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही. काचेसारखं क्वार्ट्झ वितळवायचं, त्याचं एक टोक बाणाला चिकटवायचं आणि धनुष्यातून बाण सोडायचा. मागे हवेत ओढला जातो तो हा धागा. त्यावर चांदीचा मुलामा. चुंबक तापतो, म्हणून त्याच्याभोवती सतत पाणी खेळवलेलं आहे. दीड किलोमीटरवर तुमचं हृदय आकुंचन पावतं, त्यातून हजारांश व्होल्टच्या हिशेबातली वीज हातांच्या कातडीपर्यंत येते, मिठाच्या पाण्यात उतरते, तारेतून धावते आणि हा धागा थरथरतो. त्याची सावली दिव्याच्या झोतात मोठी होऊन सरकत्या फोटोच्या काचेवर पडते. ती सावली म्हणजे तुम्ही.

खिशातला कागद काढा. त्यावरच्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं आइन्थोवेन यांनीच दिली. सेकंदाला २५ मिलिमीटर हे कागदाचं मापही त्यांचंच. तुमच्या कॅज्युअल्टीतला कागद त्यांच्या हातात दिलात, तर तो वाचायला त्यांना कुणी शिकवावं लागणार नाही. सव्वाशे वर्षं होत आली, लिपी तीच आहे. याच कामाबद्दल १९२४ चं नोबेल त्यांना मिळालं. नुसतं 'अनियमित नाडी' म्हणून एका पोतडीत कोंबलेले आजार या पट्ट्यांनी वेगळे करून दाखवले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं फडफडणं हा सर्रास आढळणारा आजार आहे, हे लंडनच्या थॉमस लुईस यांनी १९०९ मध्ये याच यंत्राच्या जोरावर मांडलं.

पण तुमचं काय? भांड्यांतून हात काढून पुसताना तुम्हाला कळून चुकतं की लायडनची पट्टीही नॉर्मलच आली आहे. धागा या क्षणाचं सांगतो. तुमचा आजार दुसऱ्या क्षणात आहे.

१९१२. कारेल वेन्केबाख यांच्यासमोर तुमच्या आधी एक डच व्यापारी बसला आहे. वेन्केबाख तेव्हा स्ट्रासबुर्गला प्राध्यापक होते, ठोक्यांच्या अनियमिततेतले त्या काळचे मोठे जाणकार. व्यापाऱ्याचं म्हणणं रोकठोक आहे: माझ्या व्यवहारात मला शिस्त लागते, तशी हृदयाच्या कारभारातही हवी, तुम्ही हृदयाचे तज्ज्ञ असून ही धडधड थांबवू शकत नसाल तर उपयोग काय? वेन्केबाख सांगतात की खात्री देता येणार नाही. त्यावर तो म्हणतो की मग माझं मीच थांबवतो, उद्या सकाळी नाडी सरळ करून येतो. डॉक्टरांचा विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशी तो येतो आणि नाडी खरोखर सरळ असते.

त्याने काय घेतलं होतं? कोयनेल. हिवतापाच्या मुलखात कोयनेल हे कशावरही घ्यायचं औषध होतं. एकदा झटका चालू असताना त्याने ते घेतलं आणि वीस-पंचवीस मिनिटांत धडधड थांबली. मग त्याने लक्ष ठेवलं, पुन्हा करून पाहिलं, मात्रा ठरवली: एक ग्रॅम. वेन्केबाख यांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट स्वतः लिहून जगाला सांगितली. १९१८ मध्ये वाल्टर फ्राय यांनी कोयनेलचं भावंड क्विनिडीन अधिक गुणकारी असल्याचं दाखवलं आणि ठोका ताळ्यावर आणणाऱ्या औषधांची वाट खुली झाली. (कोयनेलचा हा प्रयोग आज कुणीही घरी करू नये. याच औषधांनी काहींचा ठोका जिवावर बेतेल इतका बिघडवलाही आहे.)

मी या प्रसंगाशी पुन्हा पुन्हा येतो. डॉक्टरांनी न पाहिलेलं रुग्णाने पाहिलेलं होतं, कारण झटका येताना तिथे तोच हजर होता.

पुढे बॉस्टन, २ एप्रिल १९२८. पॉल डडली व्हाइट यांच्यासमोर पस्तिशीचा एक व्यायामशिक्षक आहे. अंगापिंडाने तगडा, मधूनच काळीज उधळतं. याच्या पट्टीत मात्र झटका नसतानाही काहीतरी वेगळं आहे: मोठ्या सुळक्याचा पायथा तिरका, चढण लवकर सुरू झालेली. लुई वुल्फ आणि व्हाइट अशा आणखी पट्ट्या शोधतात, लंडनच्या जॉन पार्किन्सन यांच्याकडेही तशाच निघतात. १९३० मध्ये तिघे मिळून ११ रुग्णांची हकीकत छापतात. आज डॉक्टर ज्याला 'डब्ल्यू.पी.डब्ल्यू.' म्हणतात तो आजार हाच.

आता तुमच्याच छातीत डोकावू. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज उतरायला निसर्गाने एकच दरवाजा ठेवलेला आहे. जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये काम करणाऱ्या सुनाओ तावारा या तरुण जपानी डॉक्टरने १९०६ मध्ये तो शोधून दाखवला. या दरवाजात वीज क्षणभर रेंगाळते, तेवढ्यात वरचे कप्पे आपलं रक्त खाली ओततात. काहींच्या हृदयात जन्मापासून एक चोरवाट राहून जाते, स्नायूचा एखादा बारीक धागा. मग एखाद्या चुकलेल्या ठोक्याने वीज दरवाजातून खाली जाते, चोरवाटेने वर येते, पुन्हा दरवाजातून खाली. वारीतल्या रिंगणात अश्व धावतो तशी ती गोल धावत राहते आणि प्रत्येक फेरीला एक ठोका पडतो, मिनिटाला दीडशे, एकशेनव्वद, कधी दोनशेही. फेरी कुठेही तुटली की सगळं एकदम शांत. म्हणून तुमचं सुरू होणं बटणासारखं आणि थांबणंही बटणासारखं. काहींच्यात दोन्ही वाटा त्या दरवाजापाशीच असतात, पण रिंगण तेच.

आणि काहींची चोरवाट फक्त खालून वरच चालते. अशांची पट्टी एरवी निर्दोष दिसते. व्यायामशिक्षकाचा तिरका पायथा तुमच्या कागदावर शोधाल तर सापडणार नाही. तुमचा कागद खोटं बोलत नाही आणि तुम्हीही नाही.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं हेलेना गाव, १९४० च्या दशकाची अखेर. नॉर्मन हॉल्टर पाठीवर ३८ किलोचं ओझं बांधून उभे आहेत: रेडिओ ट्रान्समीटर आणि बॅटऱ्या. रुग्णाला टेबलावर निजवून मिनिटभर बघण्यापेक्षा त्याच्या चालत्याफिरत्या दिवसाची नोंद घ्यावी, एवढा एक ध्यास. १९६१ साली त्यांनी ही पद्धत जगापुढे मांडली तोवर यंत्र बरंच आटोपशीर झालं होतं. आज तुमच्या कमरेला अडकवतात ते चिमुकलं हॉल्टर त्यांच्याच नावाचं. पण झटका दोन महिन्यांतून एकदा येत असेल तर २४ तासांचं हॉल्टरही रिकामंच परत येतं, हे लक्षात ठेवा.

वाटेत नॉर्वे लागतं. १९५७ मध्ये तिथले अँटोन येर्वेल आणि फ्रेड लांगे-निल्सन एका कुटुंबाची हकीकत लिहितात. सहा मुलं. त्यातली चार जन्मतः बहिरी, तीच चौघं मधून मधून बेशुद्ध पडत. तिघं दगावली. पट्टीत एकच खूण होती: ठोका पडल्यानंतर हृदयाला पूर्ववत व्हायला लागणारा वेळ फार लांबलेला. आपल्याकडे धावताना किंवा दचकून कोसळणाऱ्या मुलावर चटकन 'फिट' हा शिक्का बसतो. त्याआधी एक साधा ईसीजी झालाच पाहिजे.

पुढचा थांबा तुमच्या आजाराचा नाही, उलट्या टोकाचा आहे. तरी तो चुकवून पुढे गेलो तर हा प्रवास अपुरा राहील.

स्टॉकहोम, १९५८. तुम्ही कारोलिन्स्का हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभे आहात. आत आर्ने लार्सन, वय ४३, इंजिनियर. संसर्गाने त्यांच्या हृदयातला तो दरवाजाच निकामी केलाय, वरची वीज खाली पोचत नाही. हृदय थांबतं, माणूस कोसळतो, कुणीतरी छातीवर मुठी मारून परत आणतं. दिवसाला वीस-तीस वेळा. व्हरांड्यात तुमच्या शेजारून एक बाई झपाझप चालत जाते. या एल्से-मारी, आर्नेंची बायको. त्यांना कळलंय की सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनियर रूने एल्मक्विस्ट शरीरात ठेवता येईल असं ठोके देणारं यंत्र करू पाहताहेत. दोघं सांगतात की आम्ही हे जनावरांवर करून पाहिलंय, माणसासाठी तयार काही नाही. मग तयार करा, असं त्या म्हणतात. डॉक्टरांकडून इंजिनियरकडे, इंजिनियरकडून डॉक्टरांकडे हेलपाटे घालत राहतात, दोघं होकार देईपर्यंत.

हात पुढे करा. एल्मक्विस्ट यांनी केलेली वस्तू तळहातावर घ्या. ५५ मिलिमीटर रुंद, १६ मिलिमीटर जाड, एक गोल वडी. आत दोन ट्रान्झिस्टर आणि बाहेरून चार्ज करायची छोटी बॅटरी. हे सगळं राळेसारख्या इपॉक्सीत ओतून घट्ट केलंय आणि साचा म्हणून वापरलीय बुटाच्या पॉलिशची डबी. हातात घ्या म्हणजे कळेल, किती घाई होती आणि किती गरज.

८ ऑक्टोबरची संध्याकाळ, शस्त्रक्रियेची खोली रिकामी असतानाची वेळ. छाती उघडून दोन तारा हृदयाच्या स्नायूला टाचल्या, वडी पोटाच्या कातडीखाली ठेवली. जगातला हा पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर. तो काही तासांतच बंद पडला. दुसरा घातला, तोही फार टिकला नाही. पण लार्सन टिकले. पुढच्या ४३ वर्षांत त्यांच्यासाठी एकूण २६ पेसमेकर लागले. २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी ते गेले, कर्करोगाने. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधी गेले होते. आज मराठवाड्यातल्या एखाद्या आजोबांच्या खांद्याखाली जो छोटासा उंचवटा दिसतो, त्याच्या मुळाशी त्या व्हरांड्यातले हेलपाटे आहेत.

आता तुमचा आजार बरा होण्याकडे. २ मे १९६८, नॉर्थ कॅरोलिनातलं डरहॅम, ड्यूक विद्यापीठाचं हॉस्पिटल. ३२ वर्षांचा एक मच्छीमार टेबलावर आहे, व्यायामशिक्षकाचाच आजार. सर्जन विल सीली यांनी छाती उघडली आहे. धडधडत्या हृदयावर जागोजागी तार टेकवून पाहताहेत, वीज सगळ्यात आधी कुठे पोचते. जिथे आधी पोचते तिथे चोरवाट. तिथे छेद दिला आणि तिरका पायथा पट्टीवरून गेला. चोरवाट तोडता येते हे त्या दिवशी सिद्ध झालं. १९८० च्या दशकात छाती उघडायची गरज संपली. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात न्यायची आणि तिच्या टोकाशी आधी विजेचा जोरदार झटका, पुढे रेडिओ लहरींची मोजकी उष्णता द्यायची.

परत या. वर्ष आत्ताचं. दोन महिन्यांनी पुन्हा तीच धडधड सुरू होते, पण या वेळी तुम्ही मोठ्या हॉस्पिटलची वाट धरत नाही. कोपऱ्यावरच्या, ईसीजी मशीन असलेल्या दवाखान्यात शिरता आणि म्हणता, "आत्ता चालू आहे, आधी पट्टी काढा." माझ्या आत्याचंही असंच झालं. एसटीत धडधड सुरू झाली, ती मधल्याच गावी उतरली, स्टँडसमोरच्या डॉक्टरांनी नाव विचारायच्या आधी चिमटे लावले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचा कागद नॉर्मल नव्हता.

तुमच्याही कागदावर सुळके खेटून उभे आहेत, एकसारखे, मिनिटाला १९०. डॉक्टर एक रिकामी सिरिंज देतात, पंधरा सेकंद तिच्यात जोरात फुंकायला लावतात, लगेच आडवं करून पाय वर उचलून धरतात. कित्येकांचं एवढ्यावर थांबतं. तुमचं थांबत नाही. मोठ्या हॉस्पिटलात पाठवतात, तिथे शिरेतून अ‍ॅडेनोसिन झपकन देतात. डॉक्टर आधीच सांगतात, काही सेकंद फार वाईट वाटेल. आणि वाटतंच: चेहरा तापतो, छाती आवळते, आता संपलं असं आतून कुणीतरी म्हणतं. मॉनिटरवरची रेघ सपाट होते. एक सेकंद. दोन. तीन. मग एक ठोका, मग दुसरा, शांत, सुटा सुटा.

काही आठवड्यांनी तुम्ही कॅथ लॅबमध्ये निजलेले असता. जांघेत भूल दिलेली, तुम्ही जागे. तारा आत गेल्यात. डॉक्टर मुद्दाम आगाऊ ठोके देतात आणि ती ओळखीची धडधड सुटते. फरक एवढाच की या वेळी खोलीतले सगळे ती पडद्यावर पाहताहेत. इतकी वर्षं तुम्ही एकट्याने सोसलेली गोष्ट आता पाच माणसांसमोर हिरव्या रेघांत धावतेय. तुमच्या डोळ्यांच्या कडांना पाणी येतं, सिस्टर विचारतात दुखतंय का. नाही, दुखत नाही. नळी जागा शोधते, उष्णता सुरू होते, आणि काही सेकंदांत रिंगण तुटतं. पुन्हा सुरू करून पाहतात. होत नाही. अर्धा तास थांबून पुन्हा पाहतात. होत नाही.

तर ही विनंती. धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल तर ईसीजी ती चालू असतानाच काढून घ्या, जवळ जिथे मशीन असेल तिथे. कधी सुरू झाली, कधी थांबली, तेव्हा काय करत होतात, हे लिहून ठेवा. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल तर वाट न बघता हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. आणि त्या वेळची पट्टी कुणालाही देऊन टाकू नका. पातळ कागदावरची ती छपाई काही वर्षांत उडून जाते, तेव्हा त्याच दिवशी मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा.